खालच्या पाण्याचा हिशेब कोणाकडे?

वरळीच्या लव्हग्रोव्ह भागात उभ्या राहत असलेल्या मलजल प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला ५० कोटी लिटर आहे. मुंबई मलनिःसारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातल्या सात केंद्रांपैकी हे सर्वांत मोठं. मालाड, धारावी, वांद्रे, घाटकोपर, भांडुप आणि वर्सोवा ही बाकीची सहा धरली की एकूण क्षमता २४६ कोटी ४० लाख लिटरवर जाते. १९ जानेवारी २०२३ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात पंतप्रधानांच्या हस्ते या सातही केंद्रांचं भूमिपूजन झालं. मुदती केंद्रागणिक चार ते सहा वर्षांच्या आहेत आणि ज्याने बांधलं त्यानेच पुढची पंधरा वर्षं केंद्र चालवायचं, अशी कराराची अट आहे.

गिरगावापासून लालबाग-परळपर्यंतच्या बहुतेक घरांचं मैलापाणी वरळीच्याच वाटेने जातं. त्यामुळे हे केंद्र कसं बांधलं जातंय, हा प्रश्न त्या घरांचाही आहे. त्यावर दोन मतं ठामपणे मांडली जातात. इथे ती मामा-भाचीच्या तोंडी आहेत. मामा महापालिकेच्या मलनिःसारण खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, राहायला गिरगावात. भाची गिरण्यांच्या जमिनींवर उठलेल्या टॉवरांमध्ये तळघरातली प्रक्रिया केंद्रं बांधून देण्याचं काम सांभाळते. तिच्या साइट लालबाग आणि परळच्या मधल्या पट्ट्यात. दोघं या लेखासाठी कल्पिलेली आहेत. त्यांच्या बोलण्यातली ठिकाणं, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामांची बाजू सरळ आहे. शहराचं मैलापाणी उताराने एका जागी आणायचं, तिथे दणकट यंत्रणा बसवायची आणि तिच्यावर चोवीस तास माणसं ठेवायची. "वरळीचं पातमुख, म्हणजे मैलापाणी खोल समुद्रात सोडणारा बोगदा, १९९९ मध्ये सुरू झालं, वांद्र्याचं २००३ मध्ये," ते म्हणाले. "जागतिक बँकेच्या कर्जातून झालेलं काम. किनाऱ्यापासून साडेतीन किलोमीटरच्या आसपास समुद्राच्या तळाखाली बोगदे नेले. त्याआधी किनाऱ्यालगत काय वास यायचा, ते तुम्हा मुलांना सांगूनही पटणार नाही."

"पण त्या पातमुखातून जात काय होतं, मामा?" भाचीने विचारलं. "जाळीत अडकलेला कचरा काढला, रेती खाली बसवली, की बाकी सगळं समुद्रात. ते पाणी पातळ करणं झालं. शुद्ध कुठे केलं?"

"तेव्हाचा विचारच तसा होता. समुद्र मोठा आहे, भरती-ओहोटी आहे, पचवून घेईल."

"आणि तो विचार बदलायला किती वर्षं गेली?"

इथे मामांना मान डोलवावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रक्रिया केलेल्या पाण्याचे निकष जाहीर केले. महानगरांसाठी जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत चालणार होती. ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात राष्ट्रीय हरित लवादाने तो आकडा १० वर आणला, शिवाय नायट्रोजन आणि फॉस्फरसलाही मर्यादा घातल्या. निकष बदलला की टाक्यांची मापं बदलतात, हवा पुरवणाऱ्या ब्लोअरची ताकद बदलते, जागा जास्त लागते आणि अंदाजपत्रक नव्याने मांडावं लागतं. मुंबईच्या या केंद्रांच्या निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये कुठे कार्यादेश निघाले.

भाचीचा मुद्दा इथूनच सुरू होतो. एवढ्या मोठ्या कामाला एक कागद अडला की अख्खं शहर अडतं. तिच्या टॉवरांचं तसं नाही. इमारत उठतानाच तळघरात केंद्र बसतं, भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी ते चालू करून दाखवावं लागतं, आणि तेच पाणी फ्लशला आणि बागेला परत वर चढतं. "भातसा शंभर किलोमीटरवर आहे. तिथून शहापूरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत आणलेलं पाणी आपण संडासात ओततो. मी ते एकदा तरी परत वापरते."

"किती वापरतेस? हिशेब कर," मामा म्हणाले.

हिशेब त्यांनीच केला. राष्ट्रीय इमारत संहितेत माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलंय, त्यातलं ४५ लिटर फ्लशसाठी. हजार माणसांच्या टॉवरला रोज १ लाख ३५ हजार लिटर लागतं आणि त्यातलं लाखाच्या वर मैलापाणी होऊन खाली येतं. ते सगळं शुद्ध केलं तरी फ्लशला लागणार ४५ हजार. बागेला, गाड्या धुवायला अजून थोडं. "उरलेलं कुठे सोडतेस?"

"ड्रेनेजलाच."

"म्हणजे माझ्याच पाइपात. शुद्ध केलेलं पाणी घाण पाण्यात मिसळून वरळीला येतं आणि तिथे आम्ही ते दुसऱ्यांदा शुद्ध करतो. वीज दोनदा जळते."

हा मामांचा सर्वांत बळकट युक्तिवाद, आणि तो खोडून काढणं सोपं नाही. भाचीने खोडलाही नाही. उरलेलं पाणी विकता यायला हवं, असं ती म्हणाली. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात पालिकेचं मैलापाणी घेऊन, ते शुद्ध करून प्रक्रियेसाठी वापरण्याची व्यवस्था कित्येक वर्षं चालू आहे. नागपूरने तर भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी महानिर्मितीच्या कोराडी औष्णिक केंद्राला दिलं. वीजनिर्मितीसाठी राखलेलं धरणाचं पाणी त्यामुळे वाचलं. तिथे एक मोठं गिऱ्हाईक होतं म्हणून ते जमलं. लालबागमध्ये गिरण्या असत्या तर इथेही असं गिऱ्हाईक असतं. आता आहेत ती घरं, दुकानं आणि कार्यालयं. त्यांना दुसरा नळ नको असतो.

मामांच्या मते म्हणूनच मोठं केंद्र हवं. पालिकेच्या योजनेत निम्म्याच्या आसपास पाण्यावर तिसऱ्या पातळीची, म्हणजे पाणी पुन्हा वापरण्याजोगं करणारी, प्रक्रिया करण्याचं ठरलंय, आणि धारावी-घाटकोपरचं शुद्ध पाणी बोगद्याने भांडुपच्या दिशेने नेण्याचा आराखडा आहे. एवढ्या प्रमाणावरच असले बोगदे परवडतात. सिंगापूरने २००३ पासून शुद्ध केलेलं मैलापाणी उद्योगांना आणि जलाशयांना पुरवलं, तेही मोठ्या केंद्रांच्या बळावर.

"छोटं चालत नाही असं नाही, मामा. मुंबईतच चाललंय." भाचीने माटुंग्याचं नाव काढलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात, म्हणजे आजच्या वडाळ्याच्या अ‍ॅक्वर्थ रुग्णालयात, मैलापाण्याची बंद टाकी बांधली होती. टाकीत जमणारा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं जाई. मैल्यातून निघालेल्या वायूचा असा वापर जगात तेव्हा फारच थोड्या ठिकाणी होत होता. पालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांनी त्याची माहिती लिहून ठेवली आहे.

मामांना हे ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. "पण तिथे मालक एक होता. टाकी कोणाची, चावी कोणाकडे, बिघडली तर कोणाला बोलवायचं, सगळं ठरलेलं. तुझ्या टॉवरात बिल्डर निघून जातो, सोसायटी येते, सोसायटी एजन्सी नेमते, एजन्सी दर वर्षी बदलते. पहिल्या वर्षी मेंटेनन्स वाढला की मीटिंगमध्ये काय ठरतं? रात्री ब्लोअर बंद ठेवा."

"ठरतं," ती म्हणाली. "आणि सकाळी वास आला की मला फोन येतो. जिवाणूंना सहा-आठ तास हवा मिळाली नाही तर टाकी सडते. मग वास घालवायला सोसायटी अत्तर फवारते, पण ब्लोअर चालू ठेवत नाही."

इथपर्यंत वाद लहान की मोठं एवढाच होता. बांधकामाचा विषय निघाल्यावर दोघंही सावकाश बोलू लागली, कारण जमिनीखाली काम करताना दोघांचं भय एकच आहे. भूजलाचं.

मुंबई बेटाचा बराच भाग भरावावर आहे. वर माती-मुरूम-राडारोड्याचा थर, खाली खाजणाचा चिखल आणि त्याखाली काळा पाषाण, तोही कुठे सलग, कुठे भेगाळलेला. पावसाळ्यात परळच्या सखल भागात दोन मीटर खणलं तरी पाणी लागतं. प्रक्रिया केंद्राच्या टाक्या खोल असतात, कारण मैलापाणी पाइपातून उताराने खाली आलेलं असतं. अशी टाकी पाण्याच्या पातळीखाली सहा मीटर गेली तर तिच्या तळाला बाहेरचं पाणी खालून वर ढकलतं. एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन. सहा मीटरला सहा टन. एक मीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन चौरस मीटरला अडीच टन. म्हणजे टाकी रिकामी असताना केवळ वजनावर तिला खाली धरायचं तर तळ जवळजवळ अडीच मीटर जाड हवा. तेवढं काँक्रीट कोणी ओतत नाही. मग पाषाणात पोलादी अँकर ठोकायचे, तळ भिंतींच्या बाहेर काढून त्यावर भराव टाकायचा, किंवा टाकीत पाणी भरेपर्यंत बाहेरचा उपसा चालू ठेवायचा.

हा शेवटचा मार्ग स्वस्त असतो आणि सर्वांत धोक्याचाही. "जून उजाडला, पाऊस आला आणि त्या रात्री डिझेल संपलं तर?" भाचीने विचारलं. "टाकी रिकामी, भिंती उभ्या, वरचा स्लॅब अजून नाही. पंप थांबला की दोन-तीन तासांत पाणी चढतं. टाकी एका कोपऱ्यातून उचलली गेली की तळाला तडा जातो, आणि तो तडा कधीच नीट बुजत नाही. माझ्या वेळापत्रकात म्हणून पहिली तारीख स्लॅबची नसते. ३१ मेच्या आत टाकीवर पुरेसं वजन आलंय की नाही, ही असते. आलं नसेल तर पावसाळ्यात टाकी पाण्याने भरून ठेवायची. काम चार महिने थांबलं तरी चालेल."

"आणि मालक म्हणेल, चार महिने फुकट गेले."

"म्हणतोच. मी त्याला अँकरचा खर्च दाखवते."

भरून ठेवण्याचं पाणीही जपून निवडावं लागतं. खड्ड्यातून उपसलेलं पाणी समोर फुकट असतं, पण समुद्राजवळच्या भागात त्यात क्षार असतात. सळ्या असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. समुद्राच्या पाण्यात ते १९ हजारांच्या आसपास असतं. भरतीच्या वेळी घेतलेला नमुना आणि ओहोटीचा नमुना यांत फरक पडू शकतो, म्हणून भाची दोन्ही वेळी बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवते. टाकी बांधून झाली की ती काठोकाठ भरून आधी सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्यायचं, मग पुढचे सात दिवस पातळी मोजायची. उघड्या टाकीची पातळी सात दिवसांत ४० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली तर गळती आहे असं धरायचं. एप्रिलच्या उन्हात वाफ होऊन किती गेलं हे कळावं म्हणून शेजारी पाण्याने भरलेलं एक घमेलं ठेवतात. कोट्यवधींच्या टाकीची परीक्षा त्या घमेल्याच्या पातळीशी तुलना करून होते.

मामांची चिंता कुंपणाबाहेरची. खड्ड्यातून उपसा केला की पाणी फक्त खड्ड्यातलं जात नाही. आजूबाजूच्या जमिनीतलंही ओढलं जातं आणि भरावाची माती खाली बसते. गिरगाव-काळबादेवीच्या दुरुस्ती-उपकर भरणाऱ्या जुन्या इमारती शंभर वर्षांच्या, पाया उथळ, दगड-विटांचा. मेट्रो ३ चं काम चालू असताना तिथल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं हाच घोर लावून घेतला होता. गिरगाव आणि काळबादेवी या दोन स्थानकांसाठी रस्ता अख्खा उघडायला जागाच नव्हती, म्हणून वरून न खणता खालून टप्प्याटप्प्याने पोखरण्याची पद्धत वापरली. घराघरांत भेगांवर काचपट्ट्या आणि मापकं लावली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. पण त्याच मार्गिकेवर २६ मे २०२५ च्या पावसात वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराजवळची भिंत लोंढ्याने ढासळली. पाऊस नेहमीपेक्षा दोन आठवडे आधी आला होता.

"तुझी ३१ मेची तारीख तेव्हा कुठे होती?" मामांनी विचारलं.

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बदलायला हवी. आता मी १५ मे धरते."

उपसलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मात्र दोघांनीही सहसा विचारलेला नसतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांत बांधकामासाठीच्या उपशावरही डिजिटल मीटर लावून नोंद ठेवायला सांगितलंय. साइटवर बहुतेक वेळा लोकांना दिसतो तो एक निळा पाइप, रस्त्याच्या कडेच्या पर्जन्य जलवाहिनीत रात्रंदिवस ओतणारा. महिनोन्महिने. आणि त्याच रस्त्यावर त्याच महिन्यांत टँकर उभे असतात.

एप्रिल २०२५ मध्ये टँकरवाल्यांचा संप झाला तेव्हा हे सगळं उघड्यावर आलं. खासगी विहिरींना भूजल प्राधिकरणाचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, मीटर लावा, अशा नोटिसा आल्या आणि अटी पाळणं दाटीच्या भागात शक्य नाही म्हणत टँकर संघटनेने १० तारखेपासून पुरवठा थांबवला. पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली विहिरी आणि टँकर ताब्यात घेण्याची तयारी केली, तेव्हा कुठे १४ तारखेला संप मिटला. त्या चार-पाच दिवसांत बांधकामं थांबली, सोसायट्यांची धावपळ झाली. एरवी ज्या विहिरींचं अस्तित्वही कोणाच्या ध्यानात नसतं, त्यांच्यावर शहराचा केवढा भार आहे ते तेव्हा कळलं.

गिरगावच्या वाड्यांत विहिरी होत्याच. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने येण्याआधी शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक हे तलाव पुढे बुजवले गेले, नावं राहिली. विहिरींवर गदा आली ती हिवतापामुळे. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या हिवतापाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडला आणि पालिकेने विहिरी बुजवण्याचा, झाकण्याचा सपाटा लावला. धार्मिक कारणांसाठी विहिरीचं पाणी लागणाऱ्या पारशी आणि हिंदू मंडळींनी विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही लोक श्रद्धेने जपतात. वाड्यांतल्या कित्येक विहिरींवर मात्र लोखंडी झाकणं आली. कुठे कीटकनाशक विभागाने गप्पी मासे सोडले, कुठे विहिरीवर पाण्याची टाकी बसली.

भाचीला त्या विहिरी परत हव्यात. पिण्याला नाही, फ्लशला आणि धुण्याला. मामांचा विरोध आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. चाळींच्या मागच्या हाउसगल्लीत त्यांनी आयुष्य काढलं. दोन इमारतींच्या मधली तीन-चार फुटांची फट, तिच्यात संडासांचे उभे पाइप, खाली चेंबर, आणि फुटलेल्या सांध्यांतून पाझरणारं सगळं. त्या गल्लीपासून वाडीची विहीर दहा-पंधरा पावलांवर. "त्या विहिरीत काय उतरतं ते मी पाहिलंय. तू तिचं पाणी पाचव्या मजल्यावर चढवणार?"

"मग पाइप दुरुस्त करा ना!" ती जवळजवळ ओरडलीच. "विहीर बंद करून पाइप गळायचा थांबतो का?"

या वादातलं सर्वांत खरं वाक्य हेच आहे. शहरात सुमारे २ हजार किलोमीटर मलवाहिन्या आहेत आणि बेटाच्या जुन्या भागातल्या कित्येक विटांच्या, अंडाकृती, ब्रिटिश काळातल्या आहेत. त्या दोन्ही बाजूंनी गळतात. उन्हाळ्यात भूजल खाली गेलं की मैला बाहेर झिरपतो आणि विहिरींत पोचतो. पावसाळ्यात भूजल वर आलं की तेच सांधे, त्याच भेगा पाणी आत घेतात. भरतीच्या वेळी किनाऱ्यालगत खारं पाणीही शिरतं. मग वरळीच्या केंद्रात जे पोचतं त्यातलं घरांतून निघालेलं किती आणि जमिनीतलं किती?

हा प्रश्न पैशाचा आहे आणि जिवाणूंचाही. केंद्रातले जिवाणू मैल्यातल्या सेंद्रिय द्रव्यावर जगतात. भूजल मिसळून पाणी पातळ झालं की त्यांना खायला कमी मिळतं आणि प्रवाह मात्र वाढतो. शेवटच्या टाकीतून गाळ तरंगत बाहेर जायला लागतो. खारं पाणी आलं तर आणखी पंचाईत, कारण मीठ जिवाणू काढू शकत नाहीत. ते काढायला महागडी गाळणी लागतात. तिसऱ्या पातळीची प्रक्रिया करून पाणी विकायचं म्हटलं की या मिठाचा खर्च थेट दरात उतरतो. ५० कोटी लिटरचं केंद्र उत्तम बांधलं आणि पाइप तसेच ठेवले, तर मुंबई समुद्राचं आणि जमिनीचं पाणी विजेचं बिल भरून धूत बसेल. पाइप आणि केंद्र या दोन कामांची कंत्राटं, मुदती आणि खाती वेगळी असणं ही या सगळ्या उभारणीतली सर्वांत मोठी उणीव आहे, असं प्रस्तुत लेखकाचं ठाम मत आहे.

मामांनी हे आधी मान्य केलं नाही. "पाइप उघडायचा म्हणजे रस्ता उघडायचा. गिरगावात गणपती, मग पाऊस, मग काँक्रीटचा रस्ता. नुकतं काँक्रीट केलेलं कोण फोडू देईल?" पण खात्यानेच कित्येक जुन्या वाहिन्या न खणता आतून अस्तर लावून सुधारल्या, ते त्यांनीच पुढे सांगितलं. मॅनहोलमधून कॅमेरा सोडायचा, भेगा पाहायच्या, आतून नवी नळी चिकटवायची. काम खर्चाचं असतं आणि रात्री करावं लागतं, पण होतं.

हिंदमाताचा विषय निघणं अपरिहार्य होतं. दादर आणि परळच्या मधला तो बशीसारखा भाग. दर पावसात तुंबणारा. पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पावसाचं पाणी पंपाने तिथे साठवायचं आणि ओहोटी लागली की सोडायचं. मामांच्या मते भूमिगत बांधकामाचा हा चांगला नमुना आहे. वर मैदान शाबूत, खाली टाकी. भाचीला वाटतं की एवढं पाणी काँक्रीटमध्ये बंद करून समुद्राला परत देण्यापेक्षा जमिनीत मुरवायला हवं होतं.

"जुलैत? हिंदमाताला?" मामा म्हणाले. "जमीन आधीच तुडुंब असते गं. शोषखड्डा खणलास तर तोच भरून वर येईल."

इथे मामांचं बरोबर आहे. पाणी मुरवणं मलबार हिलच्या उतारावर जमेल, परळच्या बशीत पावसाळ्यात जमणार नाही. २००२ पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं, पण नियमाने जागा पाहिली नाही. सगळीकडे एकच खड्डा सांगितला.

एका बाबतीत दोघांत वाद नव्हता. ९ मार्च २०२५ रोजी नागपाड्यात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीची भूमिगत पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. ती मैल्याची टाकीसुद्धा नव्हती. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणूस गटारात उतरवणं थांबवण्याचा आदेश दिला. भाचीच्या साइटवर वायुमापक, दोर आणि वर उभा राहणारा दुसरा माणूस नसेल तर टाकीचं झाकण उघडायला परवानगी नाही. मुकादम कुरकुरतो. "एकदा मुकादमाने दुपारी मापक न लावता झाकण काढलं," ती म्हणाली. "मी त्या दिवसाची मजुरी सगळ्यांना दिली आणि काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी मापक आधी आलं, माणसं नंतर."

मामांनी आपल्या काळातल्या माणसांबद्दल बरंच सांगितलं. गम्बूट नसत, दोर असला तर असे. कोणी बेशुद्ध झालं की त्याला काढायला दुसरा उतरे आणि दोघंही जात. ते सांगताना त्यांचा आवाज चढला. डिझाइन करणाऱ्यानेच या टाकीत माणसाला उतरायची वेळ येणार नाही असा आराखडा द्यावा, अशी अट निविदेत हवी, असं त्यांचं म्हणणं. वर ओढून काढता येणारे पंप, झाकणातून साफ होणाऱ्या जाळ्या, कोपरे गोल. बांधताना हे थोडं महाग पडतं. पंधरा वर्षं चालवायची जबाबदारी बांधणाऱ्यावरच असेल तर तो हे आपणहून करेल, असं भाचीला वाटतं. सोळाव्या वर्षाचं काय, असं मामांनी विचारलं.

शेवटी दोघं एका मोजणीवर आली. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान शहर सर्वांत कमी पाणी वापरतं. त्या वेळी मलवाहिनीत जे वाहतं त्यातला मोठा भाग जमिनीतून शिरलेला असतो. एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा, गिरगाव, लालबाग, परळ, दादरच्या मुख्य वाहिन्यांवर पहाटेचा प्रवाह आणि त्यातलं क्लोराइड मोजलं, तर कुठली वाहिनी गळते आणि कुठे समुद्र आत येतो ते गल्लीनिशी कळेल. त्यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही; मापकं बाजारात मिळतात. वरळीचं केंद्र चाचणीला येण्याआधी हे आकडे हातात असले तर अस्तर कुठे लावायचं ते ठरेल, आणि कुठल्या वाडीची विहीर आधी उघडायची तेही.

"मोजेल कोण?" भाचीने विचारलं.

"खात्यात माणसं आहेत. त्यांना हुकूम हवा," मामा म्हणाले. "आणि आकडे प्रभागाच्या कार्यालयाबाहेर लावायचे. नाहीतर फाइलीत जातील."

भाचीने वहीत दोन ओळी लिहिल्या. तिच्या पुढच्या टॉवरच्या कंत्राटात उपशाच्या पाण्याचा मीटर आणि त्याची मासिक नोंद सोसायटीकडे सोपवण्याचं कलम ती घालणार होती. विकासक ते काढायला लावेल, अशी तिला भीती होती. मामांनी तिला भूजल प्राधिकरणाच्या नियमाचा क्रमांक शोधून जोडायला सांगितलं, म्हणजे काढणाऱ्याला सहीनिशी काढावं लागेल.